नानवाई

विभावरीला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी पाव विकायची नोकरी लागली, ही बातमी मिरजेला अण्णांच्या कानावर घालायला तिने तीन आठवडे लावले. मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. झालेली मुलगी, नवरा जर्मनीत इंगोलश्टाटला गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर, आणि ही सुपरमार्केटच्या दारातल्या बेकरीत कागदी टोपी घालून उभी! अण्णा निवृत्त संस्कृत शिक्षक. ते फोनवर म्हणाले, "मग शिक्षण वाया गेलं असं कोण म्हणतो? यीस्ट म्हणजे जंतूच की." अण्णांचं हे असंच होतं. वाईट वाटलं की ते विनोद करायचे, आणि ऐकणाऱ्याने तो मुकाट्याने विनोद म्हणून घ्यायचा.

त्या बेकरीत शिलान होती.

अडतीस वर्षांची, उंच, आणि डावा खांदा वर न जाणारी. वरच्या फळीवरचे ट्रे ती उजव्या हाताने काढायची, आणि कुणी मदतीला सरसावलं तर अशी बघायची की मदत करणारा आपले हात खिशात घालायचा. एप्रनचे बंद ती मागे गाठ मारून सोडून देत नसे. कमरेभोवती घट्ट वेढे घेऊन पुढे खोचायची, आपल्याकडे कामाला लागताना पदर खोचतात तशी. सुट्टीत बसायची ती कायम दाराकडे तोंड करून. नाताळात सगळ्यांचा फोटो काढायचं ठरलं तेव्हा हिला नेमकं मागच्या खोलीत काम निघालं. विभावरीला आधी वाटलं, बाई शिष्ट आहे. कमी बोलणाऱ्या बाईला शिष्ट म्हणून मोकळं व्हायची आपली जुनी सवय.

दोघींचं जर्मन सारखंच मोडकं होतं आणि मैत्री झाली ती त्यामुळेच. चांगलं जर्मन बोलणाऱ्यासमोर माणूस मनातल्या मनात वाक्य जुळवत बसतो, तोवर विषय बदललेला असतो. मोडक्याशी मोडकं बोललं की गाडी धडधडत का होईना, पण चालते. सहा महिन्यांत विभावरीला कळलं की शिलान इराणमधली कुर्द आहे. आणखी दोन महिन्यांनी, ब्रेत्सलवर, म्हणजे गाठीच्या आकाराच्या खाऱ्या पावांवर, मीठ भुरभुरताना तिने सहज विचारलं, "तिकडे काय काम करायचीस?"

"पेशमर्गा होते," शिलान म्हणाली.

विभावरीला वाटलं, असेल काहीतरी हुद्दा, ग्रामसेवक वगैरे. घरी येऊन तिने शोधलं. पेशमर्गा म्हणजे मरणाला सामोरा जाणारा. फोटोत डोंगर होते, आणि डोंगरांत बंदुका घेतलेल्या बाया होत्या.

विलासला सांगितलं तेव्हा त्याने हातातला चहाचा कप खाली ठेवला. "अगं, बंदूकवाली बाई आहे ती! आणि आपला आइनब्युर्गरुंगचा अर्ज ऑलरेडी लागलाय. त्यात अख्खं पान आहे, कुठल्या संघटनेशी संबंध आहे का म्हणून."

"मी तिच्याबरोबर क्रोसाँ भाजते, विलास."

"आज क्रोसाँ. उद्या?"

विलास काही वाईट माणूस नव्हे. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी लाल सिग्नल लागला की पायी चालतानाही थांबणारा माणूस. नागरिकत्वासाठी तो आठ वर्षं असाच शहाण्यासारखा थांबला होता, आणि आता हिरवा दिवा लागायच्या बेतात असताना बायकोने बेकरीतून हे असं काही घरी आणलं होतं.

शिलानची हकीगत सलग कधी ऐकायला मिळाली नाही. ओव्हनच्या दोन घाण्यांच्या मधल्या वेळात ती तुकड्यातुकड्यांनी आली. शाळेत घरची भाषा तोंडातून निघाली की छडी. मोठा भाऊ एका मोर्चाला गेला, त्याचं पुढे काय झालं ते कुणी कधी सांगितलंच नाही. एकोणिसाव्या वर्षी शिलान एका वाटाड्यामागे डोंगर ओलांडून शेजारच्या इराकमध्ये उतरली. तिच्या लोकांच्या हक्कांसाठी लढणारी चळवळ तिथे हद्दपारीत तळ देऊन होती. तळ कसला, गावच ते: शाळा, दवाखाना, शिवणघर, आणि टेकडीवर दफनभूमी, जी गावापेक्षा भराभर वाढत होती.

"आम्ही म्हणायचो, पुढच्या वसंतात घरी," शिलान म्हणाली. "असे सोळा वसंत म्हणालो."

वरच्या चौकीवर पहाऱ्याला उभं राहिलं की हवा स्वच्छ असेल त्या दिवशी पलीकडे आपलाच मुलूख दिसायचा. तिचं गाव दिसत नसे, पण गावामागचा डोंगर दिसायचा. कुणाला पहाऱ्याची पाळी नकोशी झाली की शिलान ती मागून घ्यायची.

एकदा विभावरीने धीर करून विचारलं, "तू कुणाला मारलंस?"

शिलानने ट्रे आत सरकवला, ओव्हनचं घड्याळ लावलं. "अंधारात मीही गोळ्या झाडल्या. समोर वीस-वीस वर्षांचे शिपाई होते, नोकरीवर आलेले. कुणाची गोळी कुणाला लागली, माहीत नाही. पण माहीत नाही म्हणजे मारलं नाही, असं मी स्वतःला सांगत नाही." विभावरीने पुन्हा तो विषय काढला नाही.

मग एका सकाळी तळावर आकाशातून मारा झाला, त्यात खांदा गेला. पुढे दोन सरकारांनी आपसात करार केला आणि चळवळीला हत्यारं खाली ठेवायला लावून सरहद्दीपासून लांब हलवलं. शिलान उपचारासाठी जर्मनीत आली ती इथेच राहिली. एका शनिवारी ती विभावरीला म्युनिकला घेऊन गेली. चळवळीचा वर्धापनदिन होता. भाड्याचा हॉल, भिंतीवर गेलेल्यांच्या फोटोंच्या रांगा, कडक चहा, आणि दोन कोपऱ्यांत एकमेकांकडे न बघणारे दोन गट. हत्यारं खाली ठेवली ते चूक की बरोबर, यावरून त्यांचं फाटलं होतं. ट्राम चालवणारे, दुकानं टाकलेले, टक्कल पडलेले पुरुष तावातावाने भांडत होते. एक म्हातारा काठी टेकत आत आला तेव्हा मात्र सगळे उठून उभे राहिले. शिलानच्या टाचा आपोआप एकमेकींना चिकटल्या. निघताना दारात तो म्हातारा तिला काहीतरी म्हणाला. विभावरीने अर्थ विचारला.

"पुढच्या वसंतात," शिलानने सांगितलं.

पण तिच्या काळजात जे रुतून बसलं होतं ते यापेक्षा लहान होतं. एवढंसं. आईचा आवाज.

चळवळीत गेलेल्याने घरी फोन करायचा नाही, हा दंडक. फोन ऐकले जातात, आणि भोगतात घरचे. पण नियम आला की पळवाट आलीच. शिलानच्या घरचा नंबर आणि गावातल्या नानवाईचा नंबर यांत शेवटच्या एका आकड्याचा फरक होता. नानवाई म्हणजे रोटीची भट्टी. निम्म्या गावाचे फोन चुकून हिच्याच घरी लागायचे. त्याचाच फायदा घेऊन तळावरून महिन्यातून एकदा, शुक्रवारी सकाळी, कुणीतरी फोन लावायचा. दर वेळी निराळा माणूस. तो एकच शब्द विचारायचा, "नानवाई?" आई म्हणायची, "ना, ना. चुकीचा नंबर." आणि ठेवून द्यायची. संपलं. शिलान शेजारी तोंडावर हात दाबून बसलेली असायची, कारण तिचा आवाज त्या गावात ओळखीचा होता. आईला कळायचं, पोर जिवंत आहे. पोरीला कळायचं, आई जिवंत आहे. पुढचा महिना त्यावर निघायचा.

"आणि खरंच कुणी रोटीसाठी फोन केला तर?" विभावरीने विचारलं.

"मग आईचा तो दिवस आनंदात जायचा," शिलान म्हणाली. "फुकटचा."

गेल्या वर्षी जर्मनीहून एक असा फोन गेला आणि आठवड्याभरात दोन माणसं आईकडे आली. बूट न काढता सतरंजीवर बसली आणि विचारून गेली, जर्मनीतून तुझ्याकडे रोटी कोण मागतं? शेजारणीमार्फत फिरत फिरत निरोप आला, आता फोन नको. त्याला चौदा महिने झाले होते. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, छातीच्या खोकल्याने बेजार. ती आहे की गेली, हे शिलानला ठाऊक नव्हतं. ती रोज सहाशे ब्रेत्सल भाजत होती आणि तिला ते ठाऊक नव्हतं.

नोव्हेंबरात एक दिवस एप्रनचे बंद गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, "तू डिसेंबरात इंडियाला जाणार ना?"

विभावरीला पुढचं न सांगता कळलं.

"भारतातून चुकून फोन आला तर जगात कुणाला संशय येत नाही," शिलान म्हणाली. हे इतकं खरं होतं की विभावरी खो खो हसली, आणि हसता हसताच हो म्हणून बसली.

अटी साध्या होत्या. नंबर लिहायचा नाही, फोनमध्ये साठवायचा नाही. रेकॉर्ड करायचं नाही. पुरुषाने उचलला तर सॉरी म्हणून ठेवायचा. एकच शब्द बोलायचा, आणि पलीकडून दोनदा "ना" आलं की समजायचं, आई आहे. विभावरीने नंबर एकदा ऐकला आणि म्हणून दाखवला. "एवढंच? मला पावकी-निमकीचे पाढे येतात," ती मराठीत म्हणाली. शिलानला काय कळणार?

विलासला मात्र सगळं कळलं. "नाही म्हणजे नाही, विभा. मला शब्द दे."

"इंगोलश्टाटमधून एकही फोन करणार नाही," विभावरीने शब्द दिला, आणि तो अक्षरशः पाळला.

मिरजेत अण्णा पंच्याऐंशीचे झाले होते. एकेकाळी सबंध ब्राह्मणपुरीत ते एकपाठी म्हणून प्रसिद्ध. एकदा ऐकलं की पाठ. तेच भूत त्यांनी विभावरीच्या मानगुटीवर बसवलं होतं. दिवेलागणीला परवचा, मग स्तोत्रं, आणि अर्थ विचारला की उत्तर ठरलेलं: "अर्थ कुठे पळून जात नाही, तो पुस्तकात सापडतो. स्वर आधी. स्वर मेला की मेला." विभावरीला त्याचा इतका वीट आला होता की दहावीनंतर तिने ठरवलंच, अर्थ कळल्याशिवाय यापुढे एक अक्षर पाठ करायचं नाही.

पहिल्या शुक्रवारी तिने आतल्या खोलीत दार लोटून फोन लावला. लागलाच नाही. सोमवारी लागला तो पुरुषाने उचलला. तिने सॉरी म्हणून ठेवला. अण्णा दारात उभे होते. कान त्यांचे अजून शाबूत. तिने सगळं सांगून टाकलं. अण्णांनी मधे एकच प्रश्न विचारला, "किती दिवस आवाज नाही?"

"चौदा महिने."

"तू रविवारी साडेदहाला फोन करतेस," अण्णा म्हणाले. "अकरा वाजून गेले की मी पंखा बंद करून बसतो. म्हटलं, रिंग वाजत असेल आणि पंख्याच्या आवाजात मलाच ऐकू येत नसेल." आणि ते हसले. विभावरीला हसता येईना. तो रविवारचा फोन ती भाजी चिरता चिरता करायची, आणि पाच-सात मिनिटांत "बरं अण्णा, ठेवू?" म्हणायची. तिला स्वतःची लाज वाटली.

"येत्या शुक्रवारी माझ्या फोनवरून लाव," अण्णा म्हणाले. "स्पीकरवर."

"तुम्हाला उगाच काही त्रास झाला तर?"

"मला? पंच्याऐंशीव्या वर्षी मला धरायला यमाच्या आधी कोण येतंय?"

शुक्रवारी दुपारी एक वाजता, म्हणजे तिकडे अकराला, विभावरीने जेवणाच्या टेबलावर फोन ठेवला आणि नंबर दाबला. रिंग सहा वेळा वाजली. सातव्या वेळी कुणीतरी उचललं. आधी श्वास ऐकू आला, मग खोकला.

"नानवाई?" विभावरी म्हणाली.

खाली रस्त्यावरून भंगारवाल्याची हाक आली आणि गेली.

"ना, ना," म्हातारा आवाज म्हणाला.

एवढ्यावर फोन ठेवला जायला हवा होता. तो ठेवला गेला नाही. म्हातारी बोलायला लागली. वैतागलेला सूर, चुकीच्या माणसाला झापावं तसा. पाच-सहा वाक्यं, मधे एकदा खोकला. विभावरीला एक अक्षर कळत नव्हतं. मग आवाज थांबला. आणि पुन्हा तेच सुरू झालं, पहिल्यापासून, तेच शब्द, पण आता सावकाश, एकेका वाक्यानंतर थांबून. म्हातारीने ओळखलं होतं. बोलणारीण परकी आहे, तिला यातलं काही समजणार नाही, पण ती उचलून नेईल. दुसऱ्यांदा सगळं सांगून झाल्यावर तीन वेळा टक-टक-टक झालं आणि फोन बंद झाला.

विभावरीचे डोळे वाहत होते. अण्णांचे मिटलेले होते.

"बोलू नकोस," ते डोळे न उघडता म्हणाले. "पाणीसुद्धा पिऊ नकोस. पहिलं चरण म्हण."

तिने म्हटलं. दुसरं अर्धं आलं, उरलेलं अण्णांनी दिलं. चौथं तिला आलं, त्यांना नाही. असं करत करत दोघांनी संध्याकाळपर्यंत ते सगळं जोडलं. फुटलेली बरणी सांधावी तसं. कुठे आवाज चढला, कुठे म्हातारीला दम लागला, खोकला कितव्या शब्दानंतर आला, तेही. अण्णा काही सोडेनात. त्यात एक शब्द होता, "रोळे", त्यातला तो जड ळ विभावरीला बरोबर जमला, आणि अण्णा मान डोलावून म्हणाले, "हा आपलाच."

"शेवटची टकटक सोडून देऊ," विभावरी म्हणाली. "लाइनची खरखर असेल."

"खरखरीला लय नसते. हिला आहे. बाईने जिभेने केलंय ते. घे."

पुढचे चार दिवस सकाळचा चहा झाला की अण्णा समोर बसायचे, "नानवाई?" म्हणून सुरुवात करून द्यायचे आणि ती म्हणायची. एखाद्या दिवशी बोट वर करून थांबवायचे, "काल इथे श्वास घेतला होतास, आज नाही घेतलास. पहिल्यापासून." तीस वर्षांत बापलेक अशी समोरासमोर बसली नव्हती. निघायच्या दिवशी दारात ती वाकून नमस्कार करायला गेली, तेव्हा ते म्हणाले, "म्हण." तिने म्हटलं, सबंध, टकटकीसकट. पुन्हा भेट होईल न होईल, हे दोघांच्याही मनात होतं आणि कुणाच्याच तोंडून निघालं नाही. "बरोबर आहे, जा," अण्णा म्हणाले. खाली रिक्षा उभी होती.

विमानात शेजारच्या काकूंना कोल्हापूरची माणसं कुठे कुठे आहेत ते सांगायचं होतं. विभावरीने घसा धरून खुणेने सांगितलं की आवाज बसलाय. म्युनिकला पासपोर्टवाल्याने काहीतरी विचारलं, त्याला नुसती मान हलवली. बाहेर विलास आणि लेक अन्वी उभी. गाडीत मागून अन्वी म्हणाली, "मामा, वास मुर्मेल्स्ट दू दा?" आई, काय पुटपुटतेयस, म्हणून. विलासने आरशातून बायकोकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते, डोळे मिटलेले होते. त्याला काय समजायचं ते समजलं, आणि तो चिडणार असं तिला वाटलं. त्याने हात पुढे करून रेडिओ बंद केला.

दुसऱ्या दिवशी सहाला बेकरी उघडली तेव्हा पहिल्या पाळीच्या कामगारांची रांग दाराबाहेर होती. शिलान नुसती तिच्याकडे पाहत राहिली.

"लेब्ट," विभावरी म्हणाली. जिवंत आहे.

शिलानने मान हलवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, काय देऊ? दुपारी दोनपर्यंत तिने हात थांबवला नाही. एकाला मात्र तिने दोनाऐवजी सात ब्रेत्सल बांधून दिले.

पाळी संपल्यावर दोघी मागच्या खोलीत, रिकाम्या क्रेटवर बसल्या. शिलान सवयीने दाराकडे तोंड करून.

"तुझी आई बोलली," विभावरी म्हणाली. "दोनदा. मला अर्थ माहीत नाही. पण सगळं आणलंय."

"सांग."

विभावरीने तोंड उघडलं आणि काही येईना. पहिला शब्दच हरवला. हजारो मैल जपून आणलेलं, आणि इथे येऊन कोरी पाटी! मग लक्षात आलं. अण्णांचे पाठ असे मधूनच सुरू होत नाहीत. आधीची ओळ कुणीतरी द्यावी लागते, मग पुढचं आपोआप येतं.

"तू विचार," ती म्हणाली.

"काय?"

"फोनवर विचारतात ते."

शिलान तिच्याकडे बघत राहिली. एकोणीस वर्षांत तो प्रश्न तिने एकदाही विचारला नव्हता. तो नेहमी दुसऱ्या कुणीतरी विचारायचा आणि तिने ऐकायचं. आत्तासुद्धा तिचा हात तोंडाकडे गेला, दाबायला. मग तिने तो खाली घेतला.

"नानवाई?"

"ना, ना," विभावरी म्हणाली, आणि ते आलं. त्या म्हाताऱ्या बाईचा वैताग आला, धाप आली, बरोबर चौथ्या वाक्याआधी खोकला आला. विभावरीला स्वतःचाच आवाज ओळखू येईना. "रोळे" आलं तेव्हा शिलानने क्रेटची कड घट्ट धरली. शेवटी विभावरीने जीभ टाळूला लावून तीन वेळा टक-टक-टक केलं आणि ती थांबली.

मग मोडक्या जर्मनमध्ये, एकेक वाक्य करून शिलानने अर्थ सांगितला, गणिताचं उत्तर सांगावं तशा सपाट आवाजात.

"ही नानवाई नाही. नानवाई केव्हाच बंद झाली. इथे सगळे जेवतात, उपाशी कुणी नाही. माझे पाय आता फोनपर्यंत येत नाहीत, परत फोन करू नका. रोळे म्हणजे बाळ. बाळ, जिथे चूल पेटलेली असेल तिथेच रोटी मागावी."

"म्हणजे..."

"म्हणजे तिथेच राहा. येऊ नकोस." शिलानने एप्रनच्या टोकाने नाक पुसलं. "बरोबर आहे तिचं."

काहीतरी विचारायचं म्हणून विभावरीने विचारलं, "आणि ते शेवटचं? मला खरखर वाटली होती. अण्णांनी सोडू दिलं नाही."

शिलानचा चेहरा इतका वेळ धरून ठेवलेला होता, तो सुटला. ती रडली. लहान पोर रडतं तसं, आवाज करून, दुखरा खांदा गदागदा हलत होता तरी.

"कोकरू चरत लांब गेलं की आई दारात उभी राहून तसं करायची," ती म्हणाली. "घरी ये म्हणून."

बाहेर ओव्हनचं घड्याळ वाजायला लागलं. दुसऱ्या पाळीच्या कुणीतरी ते बंद केलं. शिलान उठली, क्रेट उचलून फिरवली आणि दाराकडे पाठ करून विभावरीसमोर बसली, तिच्या गुडघ्यांना गुडघे लागतील इतकी जवळ.

"पुन्हा म्हण."

"तू विचार."

शिलानने डोळे पुसले, आणि पोरीने आईला हाक मारावी तसं, सगळ्या गावाला ओळखू येईल अशा आपल्या स्वतःच्या आवाजात विचारलं,

"नानवाई?"